वाचक विचारतात : पीट कुजत का नाही?

मागच्या अंकात पीटभूमीवर लेख होता. सतत पाण्याने भिजलेल्या जागी मेलेल्या वनस्पती पुरत्या कुजत नाहीत, त्यांचा थरावर थर साचतो आणि त्या तपकिरी-काळ्या थराला पीट म्हणतात, हा त्याचा गाभा. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम 3 टक्के भाग पीटचा आहे, पण सगळ्या जंगलांतल्या झाडाझुडपांत मिळून जेवढा कार्बन आहे त्याहून जास्त कार्बन या 3 टक्क्यांत साठलेला आहे. लेखानंतर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : आमच्या परसातल्या कंपोस्ट खड्ड्यातला पालापाचोळा सहा महिन्यांत खत होतो. मग पीटमधलं मॉस, म्हणजे ती शेवाळासारखी बारीक वनस्पती, पाच-पाच हजार वर्षं तशीच कशी राहते? तिथली थंडी हेच कारण ना? भूगोलाच्या पुस्तकात ‘पीट ही कोळशाची पहिली पायरी’ एवढंच आहे. (शिक्षिका, कराड)

उत्तर : थंडीचा हात आहे, पण मुख्य कारण ती नाही. बोर्निओ बेटावर वर्षभर 27 अंशांच्या आसपास तापमान असतं आणि तिथे काही ठिकाणी 10 मीटरहून जाड पीट आहे. खरं कारण प्राणवायूची टंचाई. हवेच्या मानाने साचलेल्या पाण्यातून प्राणवायू सुमारे 10 हजार पट सावकाश पसरतो. तुमच्या खड्ड्यात पावसाचं पाणी भरलं की कुजणं मंदावतं आणि आंबूस वास येतो. पुन्हा ढवळून हवा लागली की खड्डा गरम होतो. पीटभूमीत ढवळायला कुणी नाही आणि पाणी कधी उतरत नाही.

पीटभूमीचे दोन मजले समजून घ्या. वरचे 10 ते 50 सेंटीमीटर म्हणजे ॲक्रोटेल्म. इथे पाण्याची पातळी ऋतूप्रमाणे वरखाली होते, हवा शिरते, आणि मेलेल्या मॉसचा साधारण नव्वद टक्के भाग इथेच कुजून कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेत परत जातो. त्याखालचा, कायम पाण्यात बुडालेला थर म्हणजे कॅटोटेल्म. उरलेला दहावा हिस्सा तिथे पोचतो आणि तिथलं कुजणं हजारपट मंद असतं. पीटचा साठा भरभर वाढीने होत नाही, तो या मंदपणाने होतो.

आता एक बारकावा. वनस्पतींच्या पेशीभिंतींतलं सेल्युलोज तोडणारी एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) प्राणवायू नसतानाही काम करू शकतात. मग ती का थांबतात? वेल्समधले संशोधक क्रिस फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली याचं उत्तर दिलं. वनस्पतींतून सुटणारी फिनॉल संयुगं तोडायला फिनॉल ऑक्सिडेज हे एन्झाइम लागतं आणि त्याला मात्र प्राणवायू हवाच. तो नसला की फिनॉल साचतात, आणि साचलेले फिनॉल इतर एन्झाइमांनाही जखडून ठेवतात. म्हणजे एकाच कुलपाने सगळी दारं बंद. म्हणूनच एका कडक दुष्काळात पाणी खाली गेलं, कुलूप उघडलं, की पाणी परत आल्यावरही काही काळ कुजणं जास्त वेगाने चालू राहतं.

थंड प्रदेशातल्या पीटमध्ये स्फॅग्नम या मॉसची स्वतःची करामतही आहे. त्याच्या पानातल्या बहुतेक पेशी मेलेल्या, पोकळ आणि भोकांच्या असतात. कोरड्या वजनाच्या 15 ते 20 पट पाणी ते धरून ठेवतं. पेशींच्या भिंती पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम ओढून घेतात आणि बदल्यात आम्ल सोडतात, त्यामुळे सामू (पीएच) 4 च्या आसपास उतरतो. डेन्मार्कमध्ये 1950 साली सापडलेला टोलुंडचा माणूस दोन हजारांहून जास्त वर्षं अशा पीटमध्ये होता. त्याच्या गालावरची दाढीची खुंटं आजही दिसतात. अशा पीटमध्ये कातडी कमावल्यासारखी टिकते आणि हाडांतला चुना मात्र आम्लात विरघळत जातो.

पुस्तकातलं वाक्य बरोबर आहे. फक्त मुलांना हेही सांगा की आजचं बहुतेक पीट शेवटच्या हिमयुगानंतरच्या 12 हजार वर्षांतलं आहे. कोळसा होण्यासाठी त्यावर गाळाचे जाड थर बसून लाखो वर्षं दाब आणि उष्णता मिळावी लागते.

प्रश्न : पीटभूमीत पडणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेपैकी नेमकी किती ऊर्जा पीटमध्ये साठते? आकड्यांत सांगाल का? (बी.एस्सी. विद्यार्थी, पुणे)

उत्तर : एका चौरस मीटरचा वर्षाचा हिशोब मांडू. जागा स्कॉटलंडच्या अक्षांशावरची, केवळ पावसावर जगणारी स्फॅग्नमची दलदल. आकडे गोल केलेले आहेत. जागेप्रमाणे ते दीडपट-दुप्पट इकडेतिकडे होतात, पण प्रमाण कळायला पुरेसे आहेत.

वर्षभरात तिथे साधारण 3,300 मेगाज्यूल ऊन पडतं, महाराष्ट्राच्या निम्मं. त्यातला मोठा वाटा पाण्याची वाफ करण्यात जातो. वर्षाला 450 मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं, तर लिटरमागे 2.45 मेगाज्यूलप्रमाणे 1,100 मेगाज्यूल, म्हणजे एक तृतीयांश ऊन एवढ्यातच संपतं. बाकीचं बरंचसं परावर्तित होतं किंवा जमीन आणि हवा तापवून निघून जातं. वनस्पतींच्या अंगी लागतं ते 400 ग्रॅम कोरड्या पदार्थाइतकं. ग्रॅमला 18.5 किलोज्यूल धरा : 7.4 मेगाज्यूल, उन्हाच्या जेमतेम 0.2 टक्के.

हे 400 ग्रॅम खातं कोण? स्फॅग्नम जवळपास कुणीच खात नाही. हेदरची झुडपं काही पक्षी आणि अळ्या कुरतडतात, पण ही वाट अगदी अरुंद आहे. जवळजवळ सगळी ऊर्जा वनस्पती मेल्यावरच्या वाटेने जाते : आधी बुरशी आणि जीवाणू, मग त्यांना खाणारे कवचधारी अमिबा, माइट आणि दोऱ्यासारखे बारीक पांढरे एन्किट्रेइड कृमी. गांडुळं नसतात, त्यांना एवढं आम्ल सोसत नाही. या सगळ्यांच्या श्वसनात सुमारे 360 ग्रॅम खर्ची पडतात. उरतात 40 ग्रॅम, म्हणजे 20 ग्रॅम कार्बन आणि 0.8 मेगाज्यूल ऊर्जा. आलेल्या उन्हाचा चार हजारावा भाग.

पाठ्यपुस्तकातल्या ऊर्जेच्या पिरॅमिडमध्येही 10 टक्क्यांचा नियम आहे. त्याचा आणि इथल्या दहाव्या हिश्शाचा काही संबंध नाही, तो एका खाणाऱ्याकडून पुढच्या खाणाऱ्याकडे किती ऊर्जा जाते याचा आहे. परीक्षेत हा घोटाळा हमखास होतो.

40 ग्रॅमने थराची जाडी वाढते अर्धा मिलिमीटर. एक मीटर थराला 2,000 वर्षं. त्या एका घनमीटरात 80 किलो कोरडा पदार्थ आणि 1,600 मेगाज्यूल ऊर्जा असते, घरातल्या 14.2 किलोच्या अडीच गॅस सिलिंडरांइतकी. दोन हजार वर्षांची ही बचत एका वर्षाच्या उन्हाच्या निम्मीच आहे.

हिशोबात एक वाट बहुतेक जण विसरतात, वरच्या गोल आकड्यांतही ती वेगळी दाखवलेली नाही. पीटभूमीतून वाहणारं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं, कारण त्यात विरघळलेला सेंद्रिय कार्बन असतो. या वाटेने चौरस मीटरमागे वर्षाला 10-20 ग्रॅम कार्बन ओढ्यात जातो, म्हणजे साठ्यात पडणाऱ्या कार्बनच्या तोडीचा. तो मोजला नाही तर ताळेबंद चुकतो.

प्रश्न : फिरताना दिसलेला काळा चिखल पीट आहे की नुसता गाळ, आणि किती कुजलेला, हे उपकरणाशिवाय ओळखता येतं का? (निवृत्त अभियंता, सध्या मुक्काम एडिंबरा)

उत्तर : येतं, मुठीने. स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी आखलेली दहा पायऱ्यांची पट्टी आजही जगभर वापरतात. ओला गोळा घ्या आणि मूठ आवळा. बोटांमधून जवळपास स्वच्छ पाणी आलं आणि हातात मॉसच्या काड्या ओळखता आल्या तर एच-1. पाणी गढूळ तपकिरी, पण लगदा हातातच राहिला तर एच-4 च्या आसपास. लगद्याचा साधारण तिसरा हिस्सा बोटांतून निसटला तर एच-6. सगळाच लोण्यासारखा निसटून मूठ रिकामी झाली तर एच-10. गाळ असेल तर बोटांत चिमटीने चोळल्यावर वाळूचे कण खरखरतात आणि गोळा वजनाला जड लागतो. पीटच्या ओल्या वजनात नव्वद टक्के पाणीच असतं.

प्रश्न : कासच्या पठारावर कीटक खाणाऱ्या वनस्पती आहेत, पावसाळाभर पाणी साचतं. युरोपातल्या पीटच्या दलदलीतही अशाच वनस्पती असतात असं वाचलं. मग कासला पीट का नाही? (निसर्गप्रेमी, सातारा)

उत्तर : साम्य तुम्ही अचूक हेरलंत. ते अन्नद्रव्यांच्या टंचाईचं आहे. कासला जांभ्याच्या कातळावर काही बोटं माती, आणि जे थोडं नत्र असतं ते धो-धो पावसात धुऊन जातं. दवबिंदू ही वनस्पती केसांच्या टोकावरच्या चिकट थेंबांनी कीटक धरते, सीतेची आसवे ही वनस्पती पाण्यातल्या बारीक पिशव्यांनी सूक्ष्मजीव ओढून घेते. दोघींना ऊर्जा सूर्याकडून मिळते. किड्यांकडून त्यांना हवं असतं नत्र आणि स्फुरद.

उत्तरेकडच्या पावसावर जगणाऱ्या दलदलीत ही टंचाई आणखी कडक असते. खालच्या मातीशी संबंध तुटलेला, जे यायचं ते पावसातून आणि धुळीतून. अशा दलदली हेक्टरी वर्षाला 5 ते 10 किलो नत्रापर्यंतच तग धरतात. आपल्याकडे सुरू उसाला हेक्टरी 250 किलो नत्राची शिफारस असते, म्हणजे अंदाज येईल. स्फॅग्नम पावसातलं नत्र वरच्या वर टिपून घेतं, आणि त्याच्या पोकळ पेशींत राहणारे नील-हरित जीवाणू हवेतलं नत्र थोडं थोडं बांधतात. कारखाने, वाहनं आणि गोठ्यांतून आलेलं नत्र पावसात वाढलं की मॉसचा टिपायचा आवाका संपतो, नत्र खाली झिरपतं, गवतं माजतात, त्यांची सावली मॉसवर पडते आणि त्यांचा पाचोळा लवकर कुजतो.

मात्र कासचं पाणी ऑक्टोबरनंतर ओसरतं. पुढचे सात-आठ महिने कातळ तापतो, माती भुसभुशीत कोरडी होते, हवा आत शिरते आणि पावसाळ्यात साचलेलं सगळं जिरून जातं. पीटला वर्षाचे बारा महिने ओल लागते. निलगिरीत ती मिळते : 2,000 मीटरहून जास्त उंची, गार हवा, खोलगट दऱ्या, आणि नैऋत्य मोसमी पावसापाठोपाठ ईशान्येचाही पाऊस. उटीजवळच्या पीटचे खालचे थर 20 हजार वर्षांहून जुने आहेत. संशोधक आर. सुकुमार आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून (वेगवेगळ्या वजनाच्या कार्बन अणूंच्या प्रमाणावरून) 1993 साली दाखवलं की हिमयुगाच्या भरात तिथे हवा कोरडी होती आणि गवताचं राज्य होतं. गवत आणि झाडं हवेतला कार्बन वेगवेगळ्या पद्धतीने बांधतात, त्याची खूण पीटमध्ये टिकून राहिली.

प्रश्न : रोपवाटिकेसाठी कोकोपीट घेऊ की पीट मॉस? विक्रेता म्हणतो दोन्ही एकच. (रोपवाटिकाधारक, दापोली)

उत्तर : एकच नाहीत. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा, दरवर्षी नव्याने मिळणारा. पीट मॉस म्हणजे कॅनडा किंवा बाल्टिक देशांतल्या दलदलीतून खरवडलेलं स्फॅग्नम पीट. कुंडीत ते हवेशी आलं की त्याचा कार्बन सुटू लागतो. दापोलीत सोडणांचे ढीग दारात असताना आमचं मत स्पष्टपणे कोकोपीटच्या बाजूने आहे, फक्त ते नीट तयार करून घ्या.

कोकोपीटचा पहिला दोष मीठ. सोडणं खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात भिजवलेली असतील तर सोडियम आणि पालाश भरपूर असतं, आणि रोपांची पानं कडेने करपतात. 5 किलोची वीट 20-25 लिटर पाण्यात भिजवा, ती फुगून 70 लिटरच्या आसपास होते. पाणी निथळू द्या, गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा आणि निथळलेल्या पाण्याची ईसी (क्षार किती ते सांगणारी विद्युतवाहकता) मोजा, सेंटीमीटरला 0.5 मिलीसिमेन्सच्या खाली आली की पुरे. नुसत्या धुण्याने भुशाच्या कणांना चिकटलेलं सोडियम-पालाश सुटत नाही. त्यासाठी लिटरला 5 ते 10 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवून पुन्हा एकदा धुवा. हे टाळलं तर तो भुसा तुम्ही पुढे दिलेल्या खतातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम स्वतः गिळतो आणि रोपांचे कोंब वाकडे-पिवळे येतात.

दुसरा दोष कच्चेपणा. ताज्या भुशात नत्राच्या शंभरपटीहून जास्त कार्बन असतो. तो कुजवणारे जीवाणू कुंडीतलं नत्र पळवतात. आधी कुजवून घ्यायचं असेल तर एक टन भुशाला 5 किलो युरिया आणि दीड किलो धिंगरी अळंबीचं बियाणं लागतं. 100-100 किलोचे दहा थर करा, एका थरावर बियाणं आणि पुढच्यावर युरिया असं आलटून पालटून टाका, सावलीत ओल टिकवा. महिन्याभरात रंग काळपट होतो आणि कार्बन-नत्राचं प्रमाण 24 च्या आसपास येतं.

पीट मॉस वापरायचंच असेल, काही ऑर्किड आणि कीटकभक्षी वनस्पतींसाठी लोक घेतात, तर इतर रोपांसाठी त्यात लिटरमागे 3 ते 5 ग्रॅम डोलोमाइट मिसळून सामू वर आणावा लागतो. पूर्ण वाळू देऊ नका. वाळलेलं पीट पाणी झिडकारतं. वरून ओतलेलं पाणी कडेकडेने निघून जातं आणि आतला गोळा कोरडाच राहतो. कोमट पाण्यात कुंडी बुडवून ठेवणं हाच त्यावर उपाय.

प्रश्न : ओल्या पीटमधून मिथेन निघतो आणि तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट तापवणारा आहे. मग पाणी काढून टाकणंच हवामानासाठी बरं नाही का? (अभियंता, नाशिक)

उत्तर : शंका योग्य आहे, आकडे तिचं निरसन करतात. प्राणवायू संपला की जीवाणू श्वसनासाठी दुसरं काही शोधतात : आधी नायट्रेट, मग मँगनीज, लोह, सल्फेट. ते सगळं संपल्यावर शेवटची पाळी मिथेन तयार करणाऱ्या आर्कियांची (जीवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव). या शेवटच्या पायरीवर मिळणारी ऊर्जा सर्वांत कमी, म्हणून मिथेनही सावकाशच तयार होतो. त्यातला बराचसा वर येताना पाण्याच्या पातळीजवळ आणि स्फॅग्नमच्या आत राहणारे मिथेनखाऊ जीवाणू वापरून टाकतात. लव्हाळ्यासारख्या पोकळ दांड्यांच्या वनस्पती मात्र त्याला थेट नळी देतात.

पावसावर जगणाऱ्या दलदलीतून चौरस मीटरला वर्षाकाठी 8 ग्रॅम मिथेन निघाला असं धरा. शंभर वर्षांच्या हिशोबाने 28 ने गुणलं तर 224 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम. आता तीच जमीन चर खणून शेतीखाली आणा. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या 2013 च्या पाणथळ जमिनींच्या मार्गदर्शिकेत समशीतोष्ण भागातल्या अशा शेतजमिनीसाठी हेक्टरी वर्षाला 7.9 टन कार्बन धरला आहे, म्हणजे चौरस मीटरला जवळपास 2,900 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. तेरापट. शिवाय चरांत साचलेल्या पाण्यातून मिथेन येतच राहतो. मिथेन हवेत दहा-बारा वर्षांत विरतो. सुटलेला कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं राहतो.

ही झीज डोळ्यांनी पाहायची असेल तर इंग्लंडमधल्या होम फेन इथला लोखंडी खांब पाहा. 1851 साली शेजारचं तळं उपसताना तो खांब पीटमध्ये पुरला, टोक जमिनीशी समतल. आज ते टोक जमिनीपासून सुमारे 4 मीटर उंच आहे. खांब जागचा हललेला नाही. पीट आधी पाणी गेल्याने दबलं आणि मग उरलेलं हवेत गेलं.

प्रश्न : इंडोनेशियातल्या आगींचा धूर दर काही वर्षांनी आमच्या खिडकीपर्यंत येतो. पाऊस पडूनही त्या आगी आठवडेच्या आठवडे का विझत नाहीत? (मूळ नागपूरचे वाचक, सिंगापूर)

उत्तर : 2013 च्या जूनमध्ये सिंगापूरच्या प्रदूषण निर्देशांकाने 401 गाठला होता, तो सुमात्रातल्या आगींमुळे. आधी हे पाहू की मुळात ओलं पीट जळतच नाही. एक किलो कोरड्या पीटबरोबर 9 किलो पाणी असतं. ते तापवून वाफ करायला किलोला 2.6 प्रमाणे 23 मेगाज्यूल लागतात आणि जळून मिळतात फार तर 20 ते 23. पदरी काही उरत नाही. प्रत्यक्षात उष्णता इकडेतिकडे वाया जाते, त्यामुळे किलोमागे सव्वा किलोहून जास्त पाणी असलं तरी ठिणगी धरत नाही. आग लागते ती चर खणून पाणी काढलेल्या जमिनीला.

बोर्निओच्या इंडोनेशियातल्या भागात, मध्य कालिमंतानमध्ये, 1996 साली सुमारे 10 लाख हेक्टर पीटभूमीवर भातशेती करण्याचा सरकारी प्रकल्प सुरू झाला आणि 4,000 किलोमीटरहून जास्त कालवे खणले गेले. भात पिकलं नाही, पीट वाळलं. 1997 च्या एल निन्योच्या दुष्काळात इंडोनेशियाच्या आगींतून 0.81 ते 2.57 अब्ज टन कार्बन हवेत गेल्याचा अंदाज आहे, म्हणजे त्या वर्षी जगभर जाळलेल्या इंधनातून निघालेल्या कार्बनच्या 13 ते 40 टक्के.

ही आग ज्वाळांची नसते, धुमसणारी असते. शेणीच्या राखेखालचा निखारा जसा वरून विझल्यासारखा दिसतो आणि फुंकर घातली की लाल होतो, तशी ती मुळांच्या पोकळीतून जमिनीखाली सरकत राहते. वरची राख उष्णता कोंडून धरते, आणि वाळलेलं पीट पाणी झिडकारत असल्याने पावसाची सर भेगांतून निघून जाते. अपुऱ्या प्राणवायूत जळल्यामुळे धूर जास्त आणि अतिसूक्ष्म कणांनी भरलेला. ती खरी विझते भूजल वर चढून धुमसणारा थर बुडाला तेव्हाच. म्हणून इंडोनेशियाच्या नियमात पीटमधलं पाणी पृष्ठभागाखाली 40 सेंटीमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये अशी अट आहे. वैज्ञानिकदृष्ट्या 40 हीदेखील सवलतच आहे. त्याच्यावरचा थर कुजतच राहतो.

प्रश्न : मणिपूरच्या लोकताक सरोवरावरची तरंगती फुमदी हेही पीटच का? ती पातळ होत चालली आहे असं तिथे ऐकलं. (पर्यटक, ठाणे)

उत्तर : जवळचं नातं आहे. मुळं, अर्धवट कुजलेली गवतं आणि गाळ यांची ती तरंगती चटई. जाडीचा साधारण एक पंचमांश भाग पाण्यावर, बाकी खाली. केयबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यानातलं सांगाई हरीण याच चटईवर राहतं आणि त्याचं वजन पेलायला ती मीटरभर जाड लागते. पूर्वी कोरड्या ऋतूत पाणी उतरलं की फुमदी तळाला टेकायची, मुळं तळातल्या गाळातून अन्नद्रव्यं घ्यायची, आणि पावसाळ्यात जाडजूड होऊन वर यायची. 1983 साली इथाई बंधारा झाला आणि सरोवराची पातळी बाराही महिने उंच राहू लागली. टेकणं थांबलं, तळातून होणारा पुरवठा थांबला. पीटला पाणी लागतं हे खरं, पण इथे पाण्याची वर्षातली चढ-उतार हाच अन्नद्रव्यांचा रस्ता होता.

प्रश्न : वाळवलेली पीटभूमी पुन्हा जिवंत करता येते का? पद्धत काय? (स्थापत्य अभियंता, कोल्हापूर)

उत्तर : येते, आणि कामाचा पहिला भाग तुमच्याच शाखेचा आहे. आधी चरांची पातळी मोजून घ्यायची. बांध असे बसवायचे की एका बांधापासून दुसऱ्यापर्यंत पाण्याचा फरक 10 ते 20 सेंटीमीटरच राहील. उतार जास्त तर बांध जवळजवळ. मोठ्या अंतरावर मोजके उंच बांध घातले की पाणी बगल फोडून निघतं. भरायला खालचं, चांगलं कुजलेलं, ओलं पीट घ्यायचं, ते चिकणमातीसारखं बसतं. वरचं वाळून भेगाळलेलं पीट वापरलं तर बांध चाळणीसारखा गळतो. बांध चराच्या दोन्ही काठांत निदान अर्धा मीटर आत रुतवायचा आणि तो खचणार हे धरून काठाहून वर ठेवायचा. कालिमंतानसारख्या रुंद कालव्यांत लाकडी खोकी आणि गोण्यांचे बांध घालतात. तिथे होड्यांना वाट ठेवली नाही तर लोक ते फोडतात, कारण त्यांची जा-ये त्याच कालव्यांतून असते.

मग पाणी पृष्ठभागापासून 10 सेंटीमीटरच्या आत टिकवायचं. खोल तळं करायचं नाही, लाटांनी मॉसचे तुकडे वाहून जातात. कॅनडात रुळलेली रीत अशी : चांगल्या दलदलीतला वरचा 10 सेंटीमीटर मॉसचा थर काढायचा, एक भाग थर दहा भाग जमिनीवर पसरायचा, त्यावर हेक्टरी 3,000 किलो पेंढा. पेंढ्यावर कंजुषी केली तर दुपारच्या उन्हात तुकडे वाळून मरतात. सोबत हेक्टरी 150 किलो रॉक फॉस्फेट, म्हणजे पॉलिट्रायकम हे मॉस आधी उभं राहतं आणि त्याच्या आडोशाला स्फॅग्नम जम धरतं. खत दिलेल्या जुन्या शेतजमिनीवर एकदम पाणी भरलं तर सुरुवातीची काही वर्षं मिथेन भरपूर निघतो. वरचा खतावलेला थर काढून टाकला की तो बराच कमी होतो.

काळ लागतो. क्वेबेकमधल्या बुआ-दे-बेल या पीट खरवडून घेतलेल्या दलदलीवर 1999 साली हे काम झालं. चौदा वर्षांनंतर घेतलेल्या मोजणीत ती जागा पुन्हा कार्बन साठवू लागली होती.